वाड्याच्या ग्रुपवर दुसऱ्याचं शुद्धलेखन सुधारावं का?

डिचोलीचा फ्लेक्सवाला

मंडळी, सरळच विचारतो. व्हॉट्सॲपवर कुणी चुकीचं मराठी लिहिलं तर सुधारायचं, की गप्प बसायचं? हसू नका. या एका प्रश्नावरून गेले पंधरा दिवस घरात आणि वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, माझी फजिती चालू आहे.

आधी धंदा सांगतो, म्हणजे ही खोड कुठून आली ते कळेल. डिचोलीत माझं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. वाढदिवस, बारसं, सत्यनारायण, जत्रोत्सव, भजनी स्पर्धा, वाड्यावरचं नाटक, श्रद्धांजली, सगळा मजकूर हल्ली फोनवरून येतो. लोकांना वाटतं, आला मजकूर की चिकटवला आणि मशीनवर सोडला. तसं नसतं हो. माझ्याकडचं कोरल, म्हणजे फ्लेक्स मांडायचं सॉफ्टवेअर, जुनं. फोनवरचा युनिकोडचा मजकूर त्यात चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, जोडाक्षरं फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं शेजारी शेजारी उभी राहतात. नवीन कोरल घ्यायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी त्याच पैशांत प्रिंटरचं हेड बदलावं लागतं. म्हणून मी अजून जुन्या फॉन्टमध्ये सगळं हातानं टाइप करतो. अक्षर अन् अक्षर बोटाखालून जातं. 'हार्दीक'ची वेलांटी फिरव, 'आशिर्वाद'ची फिरव, 'तिर्थप्रसाद'चं तीर्थ लांबव, 'महापुजा' आणि 'मुर्ती'ला दुसरा उकार लाव. कुणाला विचारत नाही, जास्तीचे पैसे घेत नाही. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही.

दरवर्षी सप्टेंबरात 'शिक्षक दीन' येतो आणि फेब्रुवारीत 'मराठी भाषा गौरव दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापुडा. एकानं तर हट्ट धरला होता, 'मी लिहिलंय तस्संच घाल.' मी घातलं नाही. फ्लेक्सच्या खाली कोपऱ्यात माझ्या दुकानाचा फोन नंबर असतो, त्याचा नसतो.

पावसाळ्यात धबधब्यांच्या सहली निघतात त्यांचं एक. 'सत्तरीच्या डोंगरदर्यांत एक दिवस.' सत्तरीत दर्या कुठला बाबांनो! दऱ्या आहेत त्या. दर्या बघायचा तर उलट्या बाजूला कळंगुटला जा. हा ऱ फोनवर सापडत नाही हे मलाही ठाऊक आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून र मारला की ऱ मिळतो, पण हे शिकवायला कुणी आलेलं नसतं. म्हणून गोव्यातले सगळे डोंगर हल्ली समुद्रात बुडालेत.

तर झालं असं. आमच्या वाड्याचा ग्रुप आहे, एकशे तीस माणसं. शेजारच्या काकीला रात्री छातीत दुखायला लागलं, इस्पितळात नेली. सकाळपासून सगळे ग्रुपवर विचारतायत. तिच्याबरोबर तिचा नातू, वय वर्षं एकोणीस, रात्रभर बाकड्यावर बसून. साडेअकराला त्याचा मेसेज आला. जसाच्या तसा देतो:

'आज्जीची तब्बेत आत्ता बरी आहे. आयसीयु मधुन वार्ड मधे आणली. कोणी येउ नका गर्दी करु देत नाहित. रक्त लागणार नाहि.'

मी दुकानात. समोर लग्नपत्रिका, डोक्यात प्रूफ. बोटांनी आपलं आपण लिहिलं:

'तब्येत, आयसीयूमधून, वॉर्डमध्ये, येऊ, करू, नाहीत, नाही.'

एवढंच. काकी कशी आहे, डबा पाठवू का, गाडी हवी का, एक शब्द नाही. पाठवल्यावर तीनेक मिनिटांनी लक्षात आलं. पुसायला गेलो तर चाळीस जणांनी वाचलेलं. पुसलं असतं तर 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी राहिली असती, ती आणखी वाईट. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर त्या पोरानं ग्रुपवर मराठीत एक ओळ लिहिलेली नाही. संध्याकाळचा निरोप इंग्लिशमध्ये आला, दोन शब्दांचा. दुसऱ्या दिवशी नुसता अंगठा.

बायको म्हणाली, 'म्हातारी मरता मरता वाचली आणि तुम्ही वेलांट्या मोजत बसलात.' यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. आज ग्रुपवर जे 'नाहि' आहे तेच उद्या माझ्याकडे फ्लेक्स व्हायला येतं. मी एकटा किती ठिकाणी वेलांट्या फिरवणार? पोरांच्या डोळ्यांपुढून चुकीचा शब्द दिवसात पन्नासदा जातो, बरोबर शब्द माझ्या फ्लेक्सवर एकदा, तोही गाडीवरून जाताना.

तुम्ही काय करता? खरं सांगा.

सरळसोट

'रक्त लागणार नाहि.' यातलं तुला काय कळलं नाही? कळलं ना? मग विषय संपला. निरोप पोचवायला लिहिलं होतं, पोचला. पेपर तपासायला कुणी दिला नव्हता.

फोंड्याची निवृत्त बाई

फ्लेक्सवाले भाऊ, मी एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे माझी सहानुभूती आपोआप तुमच्या बाजूला जायला हवी. ती गेली नाही. मी त्या मुलाचा मेसेज तपासला. सवय आहे, काय करणार.

त्याचे सगळे शब्द नीट पाहा. तब्बेत, वार्ड, मधे हे आपल्याकडचे उच्चार आहेत. तो बोलतो तसे त्याने लिहिले. राहिल्या वेलांट्या आणि उकार. मधुन, येउ, करु, आयसीयु, चारही ठिकाणी त्याने पहिलाच उकार दिला. म्हणजे मुलगा भरकटलेला नाही, त्याने एक उकार धरला आणि शेवटपर्यंत नेला. दोनच नियम सांगितले असते तर तुमच्या यादीतल्या सगळ्या वेलांट्या-उकारांचा निकाल लागला असता. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि' व 'नि' सोडून: नाही, येऊ, करू. आणि शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: मधून, नाहीत, खीर, फूल, गरीब. पुढे प्रत्यय लागला की तोच आखडतो: खिरीत, फुलाला, गरिबाला. हे पुस्तकातून पाठ करावे लागत नाही, स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिले तरी जीभ सांगते. जीभ फसते ती गुण, विष, मंदिर अशा शब्दांत. बोलताना आपण 'गूण' म्हणतो, पण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून ऱ्हस्व राहतो. आता एकोणीस वर्षांच्या मुलाने इस्पितळाच्या बाकड्यावर बसून शब्द संस्कृतातला की मराठीतला हे ठरवायचे का?

दुसरे. 'शुद्ध' म्हणजे कुठल्या सालचे शुद्ध? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केले, आणखी चार १९७२ साली आले. माझी पहिली १९६३ची. शाळेत बाई 'घरात' लिहायला शिकवीत आणि घरी वडील हिशेबाच्या वहीत 'घरांत' लिहीत. त्यांची पत्रे माझ्याकडे आहेत. 'तूं घरीं केव्हां येणार? पैसे पाठविले आहेत, मिळाले कीं कळव.' त्यांचे अनुस्वार चुकीचे नव्हते, ते शिकले तेव्हाच्या नियमाने एकही टिंब जास्तीचे नव्हते. मी सातवीत असताना त्यांच्या एका पत्रातली टिंबे पेन्सिलीने खोडून त्यांना दाखवली होती, मोठ्या तोऱ्यात. ते काही बोलले नाहीत. त्यानंतरची पत्रे आईच्या हातची आहेत. हे मला तुमचा प्रश्न वाचताना आठवले, इतकी वर्षे तसे जोडून पाहिले नव्हते.

आता तुमची पाळी. तुमच्या या प्रश्नात 'असं', 'केलं', 'झालं' किती वेळा आले ते मोजा. नियमानुसार ही रूपे पात्राच्या तोंडी घालायच्या वाक्यात चालतात, एरवी 'असे', 'केले', 'झाले' लिहायचे. तेव्हा लेखी निवेदन म्हणून तुमचा अख्खा मजकूर लाल. मात्र तुम्ही इथे बोलत आहात, म्हणजे पात्रच झालात, असे धरून मी सोडून देते. ग्रुपवर तो मुलगाही बोलतच होता.

डिचोलीचा फ्लेक्सवाला

बाई, साष्टांग. वडिलांच्या पत्राचं वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय.

टिंबावरून माझीही एक ऐका, बायकोला सोडून कुणाला सांगितलेली नाही. दुकान लावून दोन-तीन वर्षं झाली होती. श्रद्धांजलीचा फ्लेक्स, सहा बाय तीन. आडनाव आलं 'गांवकर'. मी तेव्हा नवीन नवीन शुद्धलेखनाचं पुस्तक घेतलेलं, हात शिवशिवत होते. गाव शब्दावर टिंब नाही म्हणजे गावकरवर पण नाही. उडवलं. दिवसाच्या दिवशी सकाळी थोरला मुलगा फ्लेक्स गुंडाळून परत घेऊन आला. रागावला नाही, हेच जड गेलं. म्हणाला, 'बाबा सही करायचे त्यात टिंब होतं. आम्ही गावकर नव्हे, गांवकर.' अठरा चौरस फूट परत छापून दिलं, आयलेट मारून स्वतः नेऊन बांधलं. त्या दिवसापासून नावाला हात लावत नाही. सुनिल म्हणाला तर सुनिल, दिलिप तर दिलिप. ज्याचं नाव त्याची वेलांटी.

सरळसोटभाऊ, 'अर्थ कळला ना' हे मला पटत नाही. कळतो तो वाचणाऱ्याच्या पुण्याईनं. मेसेजमध्ये 'पिक चांगलं आलं' लिहिलंत तर मी समजून घेतो, पण पिक म्हणजे कोकिळा. तुमच्या आळसाचे कष्ट मी का करायचे?

सरळसोट

कोकिळा चांगली आली म्हणून कोण कुणाला मेसेज करतो? शंभरात एकदा गोंधळ होतो, तेव्हा विचार की 'काय रे, काय म्हणतोस?' बाकी नव्व्याण्णव वेळा गप्प.

मडगावची, घरात कोंकणी

मी इथे क्वचित लिहिते, कारण तुमच्यासारखे लोक इथे आहेत! खोटं कशाला बोलू. हा मजकूर मी दोनदा वाचून पाठवतेय.

चौथीपर्यंत माझं कोंकणी माध्यम होतं, पाचवीपासून मराठी हा एक विषय. अक्षरं तीच, देवनागरी. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, हिला काय अडचण? अडचण अशी की एका तासाला 'गांव', 'नांव', 'घरांत' लिहिलं की बरोबर आणि पुढच्या तासाला तेच लिहिलं की काट. कोंकणीत आम्ही 'तुजें नांव कितें?' असं दोन्ही-तिन्ही टिंबांसकट लिहितो आणि ते तसंच लिहायचं असतं. बाई, तुमच्या वडिलांची पत्रं माझ्या कोंकणीच्या बाईंनी बघितली असती तर किती मार्क दिले असते! मराठीनं सोडून दिलेली टिंबं आमच्याकडे सुखानं नांदतायत. आणि खरं सांगू, 'नांव' मला बरं वाटतं. मराठीत 'नाव' म्हणजे नाव पण आणि होडी पण. टिंब होतं तेव्हा दोन्ही वेगळी होती ना? मग काढलं कशाला?

व्याकरणाचं तर विचारूच नका. कोंकणीत धाकट्या बहिणीबद्दल बोलताना आम्ही 'तें आयलें' म्हणतो, नपुंसकलिंगी, त्यात माया असते. मराठीत मी एकदा ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, 'माझी बहीण आज पास झालं.' पुण्याच्या एका सहकाऱ्यानं लगेच तीन हसरे चेहरे टाकले. अभिनंदन शेवटपर्यंत केलं नाही. बहीण सीए झाली होती हो!

आणखी एक, वयाचं. मी कॉलेजात होते तेव्हा एसएमएस होते. रोमन अक्षरांत एका मेसेजात १६० अक्षरं बसायची, देवनागरीत ७०. सत्तरच्या वर गेलं की दुसरा मेसेज, दुसरे पैसे. मग कोण लिहिणार देवनागरी? आम्ही सगळं रोमनमध्ये मारायचो. त्यात बल, बाल, बाळ एकच, न आणि ण एकच, ऱ्हस्व-दीर्घ काही नाहीच. पाचसहा वर्षं तशी गेल्यावर फोनमध्ये देवनागरी फुकट आली आणि सगळ्यांना एकदम आठवायला लागलं की 'माहिती'त वेलांटी कुठली. आता आम्ही रोमनमध्ये टाइप करतो आणि फोन वर तीन पर्याय दाखवतो, बोट पहिल्यावर पडतं. अर्ध्या चुका आमच्या नसतातच, त्या फोनच्या असतात.

म्हणून फ्लेक्सवालेबाब, तो मुलगा इंग्लिशकडे का वळला ते मला समजतं. इंग्लिशमध्ये त्याच्या स्पेलिंगला कुणी हात लावत नाही. तिथे 'यू'चं नुसतं एक अक्षर लिहिलं तरी तो हुशारच राहतो. आपल्या भाषेत लिहिलं की लगेच परीक्षा. मी असते तर मीही वळले असते.

पेडण्याचा

मी फ्लेक्सवाल्याच्या बाजूनं. सगळे त्याच्यावर तुटून पडलेत म्हणून नव्हे, आमच्या गावाचं जे झालंय त्यामुळे.

गावाचं नाव पेडणे. जुन्या लिखाणात आणि कोंकणीत पेडणें, टिंबासकट. पोर्तुगीजांच्या ताब्यात आम्ही आलो नव्या काबिजादींच्या, म्हणजे त्यांनी नंतर मिळवलेल्या मुलखांच्या वेळी, १७८०च्या दशकात. कुणीतरी कारकुनानं ऐकलं आणि कानाला लागलं तसं लिहिलं. त्यांच्याकडे ड नाही, म्हणून र घातला. शेवटचं टिंब दाखवायला एम लावला. त्यांच्या वाचण्यात तो एम नाकात जिरतो, म्हणजे आपलं टिंबच. पण पोर्तुगीज गेले आणि ते स्पेलिंग इंग्लिश वाचणाऱ्यांच्या हाती पडलं. आता गाडीतल्या नकाशातली बाई मला रोज सांगते, 'पेर्नेमसाठी डावीकडे वळा.' केप्याचं क्वेपेम, सांग्याचं सांग्वेम, कुडचड्याचं कुर्चोरेम. कुडचड्याची तर ओळखच पटत नाही. बाहेरून आलेले लोक इंग्लिश पाटी बघून देवनागरीत 'पेरनेम' लिहायला लागलेत, म्हणजे आमचंच नाव जगप्रवास करून आमच्या लिपीत परत आलं, नाक-डोळे बदलून.

तेव्हाही कोणीतरी म्हणालाच असेल, 'अर्थ कळला ना, झालं तर.' दोनशे वर्षांहून जास्त झाली, निस्तरतोय.

इस्पितळातल्या पोराला टोकायला नको होतं, हे मान्य. तो प्रसंग वेगळा. पण 'चालतंय, चालतंय' हे सरसकट ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय चालतं आणि काय कायमचं चिकटतं हे लिहिणाऱ्याला त्या घडीला कळत नसतं.

फोंड्याची निवृत्त बाई

पेडण्याचे भाऊ, तो कारकून ग्रुपवर लिहीत नव्हता, सरकारी दप्तरात लिहीत होता. दप्तर, पाटी, पत्रिका, फ्लेक्स इथे मीही तुमच्याइतकीच कडक आहे. शिवाय कारकुनाला पेडण्यातल्या एकाही माणसाने कानात सांगितले नसेल की बाबा, हा ड आहे. कानात सांगणे आणि एकशे तीस माणसांत सांगणे यात फरक आहे, एवढेच माझे म्हणणे.

मडगावच्या बाय, टिंब का काढले याचे उत्तर असे की ज्याचा उच्चार होत नाही ते लिहायचे कशाला, हा विचार होता. मराठी बोलणाऱ्यांच्या नाकातून ते केव्हाच गेले होते. तुमच्या नाकात अजून आहे, म्हणून तुमच्या लेखणीतही राहिले. तुम्ही लिहीत जा. 'पास झालं' तसेच ठेवा. मला तर ते वाचून बहीण तुमच्याहून किती लहान असेल याचा अंदाज आला, जो 'पास झाली'ने आला नसता. आणि सीए झालेल्या बहिणीचे अभिनंदन, उशिरा का होईना.

सरळसोट

बाई पास. बाकी सगळे नापास.

डिचोलीचा फ्लेक्सवाला

काल रविवार होता, काकीकडे जाऊन आलो. आठ दिवसांपूर्वी घरी आणलीय. शहाळी घेऊन गेलो, तोंड लपवायला काहीतरी हातात लागतं.

दार पोरानंच उघडलं. मी उंबऱ्यावरच म्हटलं, 'त्या दिवशी ग्रुपवर मी जे केलं ना...' तो म्हणाला, 'राग नाही आला हो काका.' मग थोडं थांबून, 'पण आता मराठीत लिहायला घेतलं की वाटतं तुम्ही वाचताय.' एवढं बोलून आत गेला, ग्लास आणायला. मी उभाच.

आतून काकीचा आवाज, आजारी माणसाचा अजिबात वाटत नव्हता, 'कोण रे तो? वेलांटीवालो आयलो?' म्हणजे वाड्यावर नाव पडलंय. आता ते काही पुसता येणार नाही.

अर्धा तास बसलो. निघताना पोराला म्हटलं, तुला पाहिजे तसं लिही, मी परत एक अक्षर बोललो तर दुकानावर माझ्याच नावाचा चुकीचा फ्लेक्स लाव. तो हसला. मग त्यानं विचारलं, मी विचारलं नव्हतं हं, त्यानंच, की 'नाही'ची वेलांटी दुसरी का? बाईंचा नियम सांगितला, शेवटची नेहमी मोठी. म्हणाला, 'नेहमी? मग आणि?' म्हटलं, 'आणि' आणि 'नि' सोडून. 'म्हणजे नेहमी नाही,' म्हणाला. बाई, तुमच्या वर्गात हा पोरगा असता तर तुम्हाला मजा आली असती.

पेडण्याच्या भावाचं मला अजून पटतंय आणि मडगावच्या ताईचंही पटतंय, त्यामुळे मी कुठे उभा आहे ते माझं मला ठाऊक नाही. दुकानात आलेला मजकूर सुधारणार, त्यात बदल नाही. ग्रुपवर बोटं खिशात. कुणी येऊन विचारलं तर सांगेन. इतकं तरी जमतंय का बघू. परवाच कुणीतरी 'शुभ सकाळ, सुर्य उगवला' टाकलं आणि मी फोन उपडा घालून चहा प्यायलो.

आणि हे आज दुपारचं. जत्रा आलीय, फ्लेक्सचं काम माझ्याकडे, तरुण पोरांची समिती. ग्रुपवर त्या पोराचा मेसेज आला, मराठीत:

'काका जत्रेचा फ्लेक्स कधी मिळणार. पालखी आट वाजता निघणार नाटक साडे दहा ला. आज्जी म्हणते देवीचं नाव मोट्या अक्षरात पाहिजे.'

मी लिहिलं, 'उद्या संध्याकाळी सातला घेऊन जा. अक्षर मोठं करतो.'

फ्लेक्सवर आठ आणि साडेदहा केलंय. ग्रुपवर आट तसंच आहे आणि त्याच्याखाली काकीचा अंगठा.